बडोद्यातली बायकांची टेनिस बॅच: माझा रिव्ह्यू, आणि सोबत सुझान लेंग्लेन

बडोद्यात मोठ्या वयाच्या बायकांना टेनिस नीट शिकवणारी जागा आहे का, असं हल्ली मला बऱ्याच जणी विचारतात, बिल्डिंगमधल्या, माहेरच्या ग्रुपवरच्या, अगदी खंडेराव मार्केटात भाजी घेताना भेटलेल्यासुद्धा, म्हणून एकदाच सगळं लिहिते. आहे. अकोट्याच्या बाजूला मेन रोड सोडून आत गेलात की दोन मातीची कोर्टं आहेत, कडेला कडुनिंब आणि एक पत्र्याची शेड, आणि सकाळी साडेसहा ते आठ फक्त बायकांची बॅच असते. सोमवार ते शुक्रवार शिकवणं, शनिवारी मॅच. फी महिन्याला २,००० रुपये, सुरुवातीला रॅकेट तिथलीच वापरायची, बॉल त्यांचेच. सरांचं नाव इथे टाकत नाहीये, त्यांना न विचारता बरं नाही वाटत, पण ज्यांना खरंच जायचंय त्यांनी मला मेसेज करा, नंबर देते.

मत आधीच सांगते, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. शिकवण्याला पाचपैकी पाच, सोयींना पाचपैकी अडीच, आणि तरीही पैसे वसूल, कारण इथे बाईला खेळाडू म्हणून शिकवतात. आता कारणं सांगते, आणि त्यात सुझान लेंग्लेन, शंभर वर्षांपूर्वीची फ्रेंच टेनिस चॅम्पियन, पुन्हापुन्हा येणार आहे कारण ही सगळी बॅच एका अर्थी तिच्यावरच उभी आहे.

पहिल्या दिवसापासून सर काय करतात, तर समोरच्या कोर्टात चार पांढरे रुमाल पसरून ठेवतात, दोन बेसलाइनच्या, म्हणजे मागच्या रेषेच्या, कोपऱ्यांत आणि दोन नेटपासून थोड्या अंतरावर कडेला. आणि सांगतात, "ताई, जोर नको. जागा बघा." बस्स. फोरहँड असो की बॅकहँड, बॉल रुमालावर पडला पाहिजे. जोरात मारून बॉल जाळीला आदळला की ते काहीच बोलत नाहीत, पण रुमालाच्या वीतभर जवळ पडला की लांबून "शाब्बास" ऐकू येतं, आणि खरं सांगते, संसारात इतकी वर्षं गेल्यावर कुणी असं मोकळेपणाने शाब्बास म्हटलं की दिवस चांगला जातो. काही दिवसांनी रुमालाची घडी पडते, तो अर्धा होतो, मग पाव.

ही पद्धत आपली नाही हे सर पहिल्याच आठवड्यात सांगून टाकतात. ही सुझानच्या वडिलांची, शार्ल लेंग्लेन यांची. सुझान १८९९ साली पॅरिसमध्ये जन्मली, लहानपणी तब्येत नाजूक, दम्याचा त्रास, म्हणून वडिलांनी तिला मोकळ्या हवेत खेळायला काढली. ते स्वतः कोणी मोठे खेळाडू नव्हते. पण हिवाळ्यात हे कुटुंब नीसला राहायचं, तिथे टेनिसचे मोठमोठे खेळाडू यायचे, आणि हा माणूस बसून नुसता बघायचा की पुरुष कसे खेळतात आणि बायका कशा खेळतात. त्यांच्या लक्षात आलं की बायकांना जपून, मागे राहून, बॉल फक्त परत करायचा खेळ शिकवलाय. मग त्यांनी मुलीला पुरुषांचे शॉट शिकवायचे असं ठरवलं, पुरुषांशीच प्रॅक्टिस करायला लावली, आणि कोर्टात रुमाल टाकून नेम धरायला लावला, तो रुमाल पुढे घडी होत होत लहान झाला आणि शेवटी नाणं ठेवलं असं सांगतात. कडक बाप होता, चुकली की खूप बोलायचा, ते मला अजिबात आवडलेलं नाही आणि सरांनाही नाही, त्यांनी त्या बापाचा फक्त रुमाल घेतलाय. पण निकाल बघा. १९१४ मध्ये पॅरिसला वर्ल्ड हार्ड कोर्ट चॅम्पियनशिप झाली, मातीवरची, ती या मुलीने जिंकली तेव्हा नुकतीच पंधरा वर्षं पूर्ण झाली होती. लगेच महायुद्ध सुरू झालं आणि पुढची चार-पाच वर्षं युरोपात मोठ्या स्पर्धाच झाल्या नाहीत, नाहीतर ही यादी अजून किती लांबली असती कोण जाणे.

याआधी मी शहरातल्या दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन आले होते, नाव घेत नाही. तिथे मुलांची बॅच मधल्या कोर्टावर आणि आम्ही चार बायका कडेला भिंतीपाशी. कोच येऊन म्हणायचा, "बेन, तुम्हाला वजनच कमी करायचंय ना, मग पळा दोन राउंड." अरे पण मला बॅकहँड शिकायचा होता! सर्व्हिस तर शिकवलीच नाही, म्हणे खांदा दुखेल. वजन कमी होणं चांगलंच आहे, पण त्यासाठी सोसायटीच्या गार्डनमध्ये चालता येतं. अकोट्याच्या या सरांकडे सर्व्हिस पहिल्याच आठवड्यात हातात देतात, खांदा दुखू नये म्हणून आधी बॉल नुसता वर टाकून झेलायला लावतात, मग रॅकेट खांद्यावरून सुरू, मग पूर्ण. माझ्याबरोबर एक जिल्हा कोर्टातून रिटायर झालेल्या काकू आहेत, त्यांचा दुसरा सर्व्ह आज आमच्यात सगळ्यांत भरवशाचा आहे. बॉल सुरुवातीला हिरव्या ठिपक्याचे वापरतात, ते कमी उसळतात आणि हळू येतात त्यामुळे नवीन माणसाला पाय जुळवायला वेळ मिळतो. रॅकेट हलकी देतात. आणि मुख्य म्हणजे कुणाचं वय विचारत नाहीत.

वयावरून आठवलं. माझ्या मते या बॅचला येणाऱ्या प्रत्येकीला १९१९ ची विंबल्डन फायनल पाठ असायला पाहिजे, आणि ती फक्त सुझानसाठी नाही.

युद्ध संपलं, सुझान वीस वर्षांची, आयुष्यात पहिल्यांदा गवतावरची स्पर्धा खेळत होती. तेव्हा नियम असा होता की मागच्या वर्षीचा विजेता थेट शेवटच्या सामन्यात बसून राहायचा आणि बाकीच्यांतून जिंकून येणाऱ्याने त्याला आव्हान द्यायचं. तर समोर बसलेली होती डोरोथिया लँबर्ट चेंबर्स. सात वेळा विंबल्डन जिंकलेली, १९०३ पासून, आणि १९११ ची फायनल तर तिने ६-०, ६-० अशी जिंकली होती. वय ४०. दोन मुलांची आई. अंगात लांब बाह्या, घोट्यापर्यंत स्कर्ट. समोर ही पोरगी आखूड बाह्या, पोटरीपर्यंतचा हलका ड्रेस, आत कंबर आवळणारा कॉर्सेट नाही, पेटीकोटांचा ढीग नाही. लोकांना धक्काच बसला होता म्हणे. राजा जॉर्ज पाचवा आणि राणी मेरी मॅच बघायला बसलेले. पहिला सेट सुझानचा १०-८. दुसरा चेंबर्सचा ६-४. मधे सुझान गळून गेली की वडील स्टँडमधून ब्रँडीत बुडवलेले साखरेचे खडे फेकायचे आणि ती ते चोखायची. तिसऱ्या सेटमध्ये चेंबर्स ६-५ ने पुढे, ४०-१५, म्हणजे दोन मॅच पॉइंट. चाळीस वर्षांची बाई आठव्या विंबल्डनपासून एका फटक्यावर उभी. पहिल्या पॉइंटला सुझानचा शॉट चुकला, बॉल तारांना न लागता रॅकेटच्या लाकडाला लागला आणि कसाबसा नेट ओलांडून पलीकडे पडला. दुसराही पॉइंट वाचवला. आणि मग ९-७. एकूण ४४ गेम. बायकांच्या फायनलमध्ये इतके गेम पुढे कितीतरी दशकं झाले नव्हते.

मला विचाराल तर त्या दिवशी दोघी जिंकल्या असं मी म्हणणार नाही, कारण हरणं हरणंच असतं आणि चेंबर्सला ते किती लागलं असेल. पण तिने घरी बसून घेतलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा सगळ्या राउंड खेळून ती फायनलला आली, पुन्हा सुझानकडून हरली. १९२५ मध्ये ब्रिटनकडून वाइटमन कपला, म्हणजे ब्रिटन-अमेरिकेच्या बायकांच्या सांघिक स्पर्धेला, उतरली आणि सिंगल्सची मॅच जिंकली, तेव्हा ती ४६ वर्षांची होती. सेहेचाळीस! आमच्या बॅचमधली एक वहिनी बेचाळिसाव्या वर्षी "आता काय, गुडघे गेले" म्हणायची, तिला मी हे सांगितल्यापासून तिने ते वाक्य बंद केलंय, गुडघ्यांचे व्यायाम मात्र नियमित करते.

कपड्यांचं इथे काय, तर काहीही चालतं. पहिल्या ठिकाणी टी-शर्ट-ट्रॅक असाच नियम होता आणि त्यामुळे दोघी तिघी आल्याच नाहीत. इथे सलवार-कुर्ता घालून येणाऱ्या आहेत, ट्रॅकवाल्या आहेत, विद्यापीठातल्या दोन मुली टेनिस स्कर्टमध्ये येतात. सरांचा आग्रह एकाच गोष्टीचा, ओढणी बांधा किंवा काढून ठेवा आणि बूट सपाट तळाचे घाला. हात खांद्याच्या वर मोकळा गेला पाहिजे, पाय लांब पडला पाहिजे, एवढं जमतंय ना मग काय घालायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. सुझानचंही तेच होतं, ती उडी मारून व्हॉली घ्यायची, म्हणजे टप्पा पडायच्या आतच बॉल मारायची, लांब स्कर्टात ते शक्यच नव्हतं, म्हणून स्कर्ट आखूड झाला. नंतर झां पातू नावाच्या पॅरिसच्या मोठ्या डिझायनरने तिच्यासाठी चुण्यांचे रेशमी ड्रेस शिवले, डोक्याला रंगीत पट्टी बांधायची आणि ती पट्टी मग युरोपभर बायका बांधायला लागल्या. फॅशन नंतर आली, आधी गरज होती, असं मला वाटतं.

तिच्या काही जुन्या मूक फिल्म्स नेटवर आहेत, जरूर बघा. तिचे पाय बघा. हवेतच असतात. आणि याच्यावर सरांनी आम्हाला जे सांगितलं ते बडोद्याच्या बाईला लगेच कळण्यासारखं आहे, की गरब्यात त्रण ताळी, म्हणजे तीन टाळ्या, घेताना जसं एका पायावरचं वजन दुसऱ्यावर आपोआप जातं आणि टाच जमिनीला चिकटून राहत नाही, तसं बॉल समोरच्याच्या रॅकेटला लागायच्या क्षणी तुमचे पाय हलते असले पाहिजेत. इतके दिवस मी "स्प्लिट स्टेप, स्प्लिट स्टेप" ऐकत होते आणि काही केल्या पायात उतरत नव्हतं, ते या एका वाक्याने उतरलं. नवरात्रात नऊ दिवस मध्यरात्रीपर्यंत गोल फिरणाऱ्या बायकांना स्टॅमिना कुणी शिकवायची गरज नाही हो, फक्त तो कोर्टावर कसा वापरायचा ते सांगणारा माणूस लागतो.

शनिवारच्या मॅच हा या बॅचचा सगळ्यात चांगला भाग. नवीन आलेली बाईसुद्धा दुसऱ्या-तिसऱ्या शनिवारी मॅच खेळते, स्कोअर स्वतः मोठ्याने म्हणायचा, ड्यूस (४०-४०) आला की ड्यूस. बऱ्याच ठिकाणी महिनोन्महिने नुसता ड्रिल, मॅच कधी नाहीच. इथे हरायलाही शिकवतात आणि त्यासाठी सरांकडे सुझानचीच गोष्ट आहे. १९२१ मध्ये ती अमेरिकेला गेली, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्सच्या भागांसाठी पैसे गोळा करायला प्रदर्शनीय सामने खेळायचे होते, आणि मधेच अमेरिकन चॅम्पियनशिप. बोटीचा प्रवास, तब्येत बरी नाही, आणि पहिल्यांदा समोर आली मोला मॅलरी, तिथली चॅम्पियन, बेसलाइनवरून दणकून मारणारी. पहिला सेट २-६ गेला. दुसऱ्याच्या सुरुवातीलाच सुझान खोकत, रडत कोर्ट सोडून गेली. लोकांनी हुर्यो उडवली, पेपरांनी भित्री म्हटलं. पुढच्या वर्षी विंबल्डनच्या फायनलला त्याच दोघी. सुझान ६-२, ६-०, अर्धा तासही लागला नाही. १९१९ ते १९२६ मधे सिंगल्समध्ये तिची हार काय ती तेवढी एकच, अर्धवट सोडलेली.

बाकी यादी पटकन सांगते कारण ती नुसती आकड्यांची आहे: विंबल्डन सिंगल्स सहा वेळा, १९१९ ते १९२३ सलग आणि मग १९२५, मधलं १९२४ काविळीमुळे सोडावं लागलं. १९२५ च्या विंबल्डनमध्ये तर सगळ्या सिंगल्स मॅच मिळून तिने फक्त पाच गेम गमावले आणि सेमीफायनलला आदल्या वर्षीच्या विजेतीला ६-०, ६-० ने हरवलं. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये सिंगल्सचं सुवर्ण, पूर्ण स्पर्धेत चार गेम गमावून, शिवाय मिक्स्डचं सुवर्ण आणि डबल्सचं कांस्य. विंबल्डनची जुनी जागा तिच्या काळात गर्दीला पुरेना आणि १९२२ मध्ये ते चर्च रोडला मोठ्या जागेत गेलं, आपण आज टीव्हीवर बघतो ते.

डबल्स आमच्याकडे जास्त होतं, दोनच कोर्टं म्हटल्यावर होणारच. तिथे सर एलिझाबेथ रायनचं उदाहरण देतात, सुझानची अमेरिकन पार्टनर, दोघींनी मिळून विंबल्डनची सहा डबल्स जिंकली. एकीने रॅली बांधायची, दुसरीने नेटवर संपवायची. माझी पार्टनर सुरतेहून लग्न होऊन आलेली बेन आहे, मराठी अर्धंच कळतं, पण "तुझा", "माझा", "सोड" हे तीन शब्द आता दोघींचे पक्के झालेत.

लाइन कॉलवरून मात्र शनिवारी वाद होतात. अंपायर नसतो, ज्याच्या बाजूला बॉल पडला त्याने सांगायचं, मातीवर खूण उमटते म्हणून बरं. तर अशाच एका वादानंतर सरांनी शेडमध्ये बसवून कान नावाच्या फ्रेंच शहरातली सुझानची मॅच सांगितली. १६ फेब्रुवारी १९२६, तिथला कार्ल्टन क्लब. सुझान २६ वर्षांची आणि समोर अमेरिकेची हेलन विल्स, वीस वर्षांची, शांत चेहऱ्याची, जोरदार मारणारी. तिकिटं मिळेनात, लोक आजूबाजूच्या घरांच्या छतांवर, झाडांवर चढलेले. सुझान पहिला सेट ६-३ जिंकली, दुसऱ्यात विल्सने घाम काढला. दुसऱ्या सेटला सुझान ६-५, ४०-१५ वर, विल्सने कोपऱ्यात एक फटका मारला, कुणीतरी ओरडलं "आउट", मॅच संपली. हात मिळवले, फुलं आली, लोक कोर्टात घुसले. आणि त्या गोंधळातून लाइनवरचा माणूस अंपायरपर्यंत येऊन म्हणतो की मी आउट म्हटलंच नव्हतं, बॉल आत होता, ओरडणारा गर्दीतला कुणी होता. विचार करा! जिंकलेली मॅच परत सुरू. आधीच थकलेली, वडील आजारी म्हणून आलेले नाहीत, आणि तो गेम विल्सने घेतला, ६-६. माझ्यासारखी असती तर तिथेच खचली असती. सुझानने पुढचे दोन गेम घेतले, ८-६. दोघी एकमेकींशी सिंगल्स खेळल्या त्या एवढ्या एकदाच. मला तिच्या सगळ्या करिअरमध्ये ही मॅच सर्वांत मोठी वाटते, सहा विंबल्डनपेक्षाही, कारण मातीवर नुसता नेम असून भागत नाही, हातातलं काढून घेतल्यावर परत बेसलाइनवर जाऊन उभं राहावं लागतं. त्या दिवसानंतर आमच्यात नियम झालाय, शंका आली की पॉइंट परत खेळायचा, चिडायचं नाही.

आता फीबद्दल थोडं सविस्तर, कारण दोन हजार जास्त आहेत असं काहींचं म्हणणं आहे. मला नाही वाटत. यात सरांबरोबर एक असिस्टंट मुलगी आहे, विद्यापीठाकडून खेळलेली, बॅचचा निम्मा भार तीच ओढते, आणि सर तिला महिन्याच्या महिन्याला नीट पगार देतात, हे मी तिलाच विचारून लिहितेय. खेळणाऱ्या मुलींना "अनुभव मिळेल, ये" म्हणून फुकट राबवून घेणाऱ्या जागा पाहिल्यात म्हणून मला याची किंमत आहे. आणि सुझानचंही भांडण शेवटी यावरच आलं. तेव्हाच्या नियमाने विंबल्डनसारख्या स्पर्धा फक्त हौशी खेळाडूंच्या, बक्षीस म्हणून रोख पैसे नाहीत. तिच्या नावावर तिकिटं विकली जायची, क्लब कमवायचे आणि खेळणारीने हौस म्हणून खेळायचं. श्रीमंत घरच्यांना ते परवडायचं. १९२६ च्या विंबल्डनला वेळापत्रकाचा घोळ झाला, राणी मेरी तिची वाट बघत बसली आणि सगळा दोष सुझानवर आला, तिने मधेच स्पर्धा सोडली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सी. सी. पाइल नावाच्या माणसाने तिला ५०,००० डॉलरचा करार दिला आणि ती प्रोफेशनल झाली. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला पहिला सामना, मग गावोगाव दौरा, समोर मेरी के. ब्राउन, जी अमेरिकेची तीन वेळची चॅम्पियन होती, आणि ३८ पैकी ३८ सामने सुझानने जिंकले. पण त्या दिवसापासून विंबल्डन आणि फ्रेंच स्पर्धेचे दरवाजे कायमचे बंद, वय फक्त २७. हौशी आणि प्रोफेशनल एकत्र खेळायला १९६८ उजाडावं लागलं. खेळणाऱ्या बाईने पैसे मागितले याबद्दल तिला तेव्हा लोभी म्हणणारे खूप होते, मला त्यांचा अजूनही राग येतो.

आपल्याकडचंही एक नाव सांगते कारण बॅचमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. लीला राव. १९३४ मध्ये विंबल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय बाई, पहिला सेट ४-६ गेल्यावर १०-८, ६-२ करून जिंकली. त्यांच्या आई पंडिता क्षमा राव, संस्कृतचे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित यांच्या कन्या, संस्कृत कवयित्री, आणि त्या स्वतःसुद्धा टेनिस खेळायच्या. आई संस्कृतात काव्य लिहिते आणि रॅकेटही धरते, मुलगी विंबल्डनला जाते आणि पुढे ती पण संस्कृत नाटकांत रमते, असं घर शंभर वर्षांपूर्वी आपल्यात होतं. सयाजीरावांच्या या गावात, जिथे मुलींच्या शाळा आणि जुम्मादादांचा आखाडा एकाच शहरात नावारूपाला आले, तिथे बायकांच्या टेनिसची बॅच भरलेली असायला काय हरकत आहे.

तक्रारी लिहिते, नाहीतर रिव्ह्यू कसला. कपडे बदलायला जागा नाही, एकच बाथरूम आणि त्याची कडी नीट लागत नाही, हे बायकांच्या बॅचला चालत नाही, मी सरांना सांगितलंय, "करतो ताई" म्हणाले, अजून झालेलं नाही. पिण्याचं पाणी घरून न्या. पार्किंग दोन चाकीला ठीक, कार आत आणू नका, वळवता येत नाही. नेहमीचे बॉल कधीकधी फार जुने असतात, केस उडालेले, त्याने मनगटाला झटका बसतो, नवीन बॉल दर पंधरा दिवसांनी आलेच पाहिजेत. आणि एप्रिल-मे मध्ये साडेसातनंतर ऊन सहन होत नाही, वेळ सहाची करा असं आम्ही कधीचं मागतोय. कोर्टं मात्र उत्तम ठेवलेली. रोज पहाटे पाणी मारून रोलर फिरतो, रेषा स्पष्ट, खेळून झालं की आपापला भाग झाडून द्यायचा हा नियम सगळ्यांना, तो मला आवडतो. मातीवर बॉल थोडा थांबून येतो आणि गुडघ्यांना सिमेंटपेक्षा कितीतरी कमी त्रास होतो, ज्यांना गुडघ्याची भीती आहे त्यांनी कोर्ट निवडताना हे आधी बघा.

सुझान पुढे काय झाली हे बॅचमध्ये सगळ्याच विचारतात. तिने पॅरिसमध्ये, जिथे फ्रेंच ओपन होते त्या रोलँ गॅरोसच्या शेजारी टेनिसची शाळा काढली आणि शिकवत राहिली. चेंबर्सनेही १९२८ पासून प्रोफेशनल कोच म्हणून काम केलं, म्हणजे १९१९ च्या त्या कोर्टाच्या दोन्ही बाजूंच्या दोघी शेवटी मास्तरीण झाल्या. सुझान ४ जुलै १९३८ ला गेली, रक्तक्षयाच्या आजाराने, वय अवघं ३९. आज फ्रेंच ओपन जिंकणाऱ्या बाईला जो कप मिळतो त्याला तिचं नाव आहे, तिथल्या एका मोठ्या कोर्टालाही.

कुणी यावं: ज्यांना खरंच खेळायचंय, शनिवारी हरायची तयारी आहे आणि सकाळी घरातल्या कुणाला तरी डबा भरायला सांगता येतो, त्यांनी. फक्त व्यायाम हवा असेल तर इतके पैसे घालवू नका. खांद्याचं किंवा पाठीचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून या आणि सरांना पहिल्याच दिवशी सांगा, ते सर्व्हिस त्याप्रमाणे बदलून देतात. बूट टेनिसचेच घ्या, रनिंगचे मातीवर सरकतात आणि घोटा वळतो. रॅकेट घाई करून विकत घेऊ नका, दोन-तीन महिने तिथली वापरा, मग असिस्टंट मुलीला बरोबर नेऊन घ्या, ती ग्रिपचं माप बघून सांगते. पावसाळ्यात कोर्टं बंद असतात, जून संपता संपता थांबतं ते नवरात्रापर्यंत, आणि नवरात्रात बॅच साडेसातला भरते कारण रात्री कुणीच झोपलेलं नसतं. नवीन नावं दिवाळीनंतर घेतात, सोळाच जागा आहेत, फोन दुपारी चारनंतर करा, सकाळी सर उचलत नाहीत.